फक्की

पोतं पंचवीस किलोचं. हसमुख फोडतो, मी चाळतो.
खडा राहिला तर गाडीच्या तोंडात अडकतो
आणि रेष बोबडी होते.
एकतीस वर्षं फक्की मारतोय या मैदानावर:
क्रिकेटची क्रीझ, खो-खोचे चौकोन,
नवरात्रात स्कूटर कुठवर लावायच्या तेही.
सातजणींचं रग्बी मात्र पहिल्यांदाच.
बारा देशांच्या पोरी आल्या, आणि मापांचा कागद इंग्रजीत.
आकडे मला कळतात. बाकीचं
कळल्यासारखं केलं.

श्रावणातल्या पुरात विश्वामित्री इथवर चढली होती.
त्या कोपऱ्यात, जिथं आता झेंडा रोवलाय,
एक मगर सापडली, साडेसात फूट.
केन्याच्या पोरींना मी हात पसरून दाखवली.
त्यांनी दोघींचे हात जोडून
त्यांच्याकडची दाखवली.
बडोद्याची अब्रू गेली म्हणाला हसमुख.

खेळ असा, की पुढे जायचं
पण हातातला चेंडू मागेच द्यायचा.
सात मिनिटं, मग दम खायला थोडं, मग परत सात.
भोंगा वाजला तरी संपत नाही,
चेंडू मरावा लागतो.
पहिल्या दिवशी हसलो आम्ही.
दुसऱ्या दिवशी सामोआची एकजण,
अंगावर तिघी, कोसळता कोसळता
न बघता चेंडू मागे देऊन मोकळी झाली,
आणि मागे खरंच कोणीतरी होतं.
हसमुखने बिडी विझवली, अर्धी होती तरी.

झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीनं.
बाजूच्या रेषेला पाय लागला तर बाद.
टोकाच्या रेषेला चेंडू टेकला तर पाच गुण.
पोतं तेच. हात तोच.
मग आठवलं, आमच्या कबड्डीतही होतीच की मधली रेष.
चौघं पायाला लोंबकळतायत, दम तुटत आलाय,
आणि बोट तिला लागलं
तर माणूस जिवंत.
अठ्ठ्याऐंशी साली, कोल्हापुरात,
माझं बोट वालाच्या दाण्याएवढं अलीकडे राहिलं.
पंच वाकून बघत होता. बरोबर बघत होता.

शेवटच्या दिवशी अकराव्या जागेची मॅच.
म्हणजे हरलेल्यांतल्या हरलेल्या.
बघायला चाळीस माणसं, त्यात सेव-उसळवाला,
आणि शिक्षा म्हणून आणल्यासारखा एक शाळेचा वर्ग.
उझबेकिस्तानच्या पोरी दोन गुणांनी मागे.
भोंगा वाजून गेलेला.
चार नंबरची, चणीनं लहान, वेणी सुटलेली,
डाव्या कोपऱ्यातून निघाली ती
थेट आडवी झाली माझ्या रेषेवर.

आता तिथलं सांगतो.
दुपारी गाडी अडकली होती, तेवढा तुकडा मी हातानं भरला.
हात थरथरतो हल्ली.
रेष आतल्या अंगाला सुजली, चार बोटं.
पुसायला हवी होती. चहा आला.
कोण येऊन पडणार तिथं, मला काय ठाऊक?

पंच बाई गवतावर गाल टेकून बघत राहिली.
मी मगरीच्या कोपऱ्याकडे बघत राहिलो.
मग शिट्टी, आणि हात वर.

पोरगी उठली तर पापणीवर फक्की, ओठांवर फक्की.
नाचत होती, एका डोळ्यानं रडत होती.
चुना डोळ्यात गेला की जाळतो, हे जगात कुणाला सांगावं लागत नाही.
मी बादली घेऊन पळालो,
गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा.
ओंजळ ओंजळ पाणी मारलं.
ती म्हणाली, रहमत.
मला वाटलं नाव विचारतेय.
म्हटलं, नाही, संपत.

कुणाला सांगायचं होतं का ते?
हसमुखला सांगितलं. तो म्हणाला, तारी चा ठंडी थई.

सोमवारी गरब्याच्या मांडवाचे बांबू आले.
आम्ही नळी लावून मैदान धुतलं.
सगळ्या रेषा पाचदहा मिनिटांत गेल्या.
ती सुजलेली जागा
तेवढी बराच वेळ दिसत होती.